खिरणीचं झाड बुटकं होत गेलं

आम्ही झाशीत स्वतःचं घर घेतलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवा हात, उजवा पाय गेला होता. बोलणंही तुटक झालं होतं. मनात अख्खं वाक्य असायचं आणि तोंडातून त्यातले दोनच शब्द बाहेर पडायचे. ते रेल्वेत गार्ड होते. मूळचे भुसावळचे, पण नोकरी सगळी इकडचीच. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, मी पार्सल कचेरीत. सगळा जन्म क्वार्टरमध्ये काढल्यावर लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या बाजूला, एका गल्लीच्या टोकाला हे घर मिळालं. ओळीने तीन खोल्या आणि त्यांच्या पश्चिमेला भिंत घातलेलं मोकळं अंगण.

विकणाऱ्या काकू मराठीच होत्या. त्यांचं घराणं झाशीत कित्येक पिढ्यांचं. आपल्या मोठ्या आवाराचा मागचा तुकडा त्यांनी आम्हाला विकला आणि पुढच्या भागात त्या एकट्या राहत होत्या. मुलगा लांब दक्षिणेत नोकरीला. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक भिंत आणि त्या भिंतीत एक लहानसं दार. शेजारी मराठी बोलणारं कुणी असणं ही आम्हाला चैन वाटली होती. आमची कॉलेजात जाणारी लेक मराठी समजायची सगळं, पण बोलताना अर्ध्यात हिंदीवर यायची. काकूंच्या तोंडचं ते जुनं मराठी ऐकून ती हसायची.

सासऱ्यांची खाट आम्ही मागच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशी लावली. चैत्र लागला आणि चूक कळली. दुपार कलली की समोरच्या भिंतीवरून ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत जायचं. पडदा लावला की ते डाव्या हाताने तो ओढून बाजूला करायचे. अंधारात पडून राहणं त्यांना नको होतं. एक दिवस मी विचारलं, "बाबा, मग काय करू?" त्यांनी बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाले, "हिरवं."

म्हणून झाड लावायचं ठरलं. आणि ते बारा महिने हिरवं राहणारं हवं, यावर मी हटून बसले. खाटेवरून न उठणाऱ्या माणसाला फाल्गुनात नागडं झाड दाखवायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. त्यामुळे कडुनिंब बाद झाला. नवरा म्हणाला, अशोक लावू, सरळसोट वाढतो. सासऱ्यांनी मान हलवली. "खांब," म्हणाले. जांभळाला पाणी फार लागतं, आणि आमच्याकडे नळ एक दिवसाआड. मला स्वतःला बकुळ हवी होती. माझ्या माहेरी होती.

छावणीच्या रस्त्याला एक नर्सरी आहे. तिथला म्हातारा मालक झाड विकण्याआधी माती मागायचा. मी अंगणातली मूठभर माती पिशवीतून नेली. त्याने ती तळहातावर पसरली, बोटाने चोळली, फुंकर मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"कहाँ से लाईं?"

"घर के आँगन से. ताल के पास."

"ताल के पास तो लाल राकड़ होती है, कंकड़ वाली." त्याने हात झटकला. "जा माटी इतै की नइयाँ." ही माती इथली नाही. "ये नदी की बालू है, बाई साहब. कोई लाया है."

मी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. नवरा म्हणाला, बांधकामाची उरलेली रेती असेल, पसरली असेल कुणी. ते पटण्यासारखं होतं. पटलंही.

वाळूत बकुळ नको, असं मालकाचं म्हणणं पडलं. पहिली दोन वर्षं ती पाणी मागते. त्याने खिरणी सुचवली. बुंदेलखंडातल्या कातळातही ही उभी असते, मुळं खोल जातात, पान कधी सगळं गळत नाही. दोष एकच, वाढ फार सावकाश. "नाती-पोते बैठेंगे छाँव में," तो म्हणाला. पण त्याच्याकडे मोठ्या पिंपात वाढवलेली एक होती, माझ्या डोक्याहून उंच, कुणी न नेलेली. मी फोनवर फोटो काढून सासऱ्यांना दाखवला. पानं गडद, चामड्यासारखी, चकाकणारी. त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हीच."

आषाढात खड्डा खणायचा ठरला. नवऱ्याने स्वतःच कुदळ घेतली आणि तासाभरात कमरेइतका खाली गेला. त्याला फार आनंद झाला होता. झाशीत खड्डा खणणं म्हणजे दगडाशी झटापट. इथं कुदळीची गरजच नव्हती, फावड्याने वाळू नुसती निघत होती. कमरेइतकी वाळू. उरलेली रेती कमरेइतकी कशी असेल, हे तेव्हा आम्हाला कुणालाच सुचलं नाही. खड्ड्याच्या एका अंगाला फावडं दगडाला लागलं. घडवलेला दगड होता, किंचित गोलाईत गेलेला. जुनं जोतं असेल, असं म्हणून नवऱ्याने खड्डा हातभर अलीकडे सरकवला.

मधल्या दारातून काकू बघत होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. चष्मा हातात, पदर खांद्यावरून घसरलेला.

"झाड लावताय?" त्या म्हणाल्या.

"हो काकू. खिरणी. बाबांच्या खिडकीसमोर."

"त्या कोपऱ्यात लाव ना, बाई. नळापाशी. इथं नको. इथं आड..."

त्या थांबल्या. मी त्यांचं वाक्य पुरं केलं. म्हटलं, "उन्हाच्या आड येईल? तेच तर हवंय."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि दार ओढून घेतलं. त्या दिवशी मी ते वाक्य पुरं केलं नसतं, तर त्यांनी केलं असतं का? हा प्रश्न मी त्यांना पुढे विचारला. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." मला ते उत्तर खरं वाटतं.

झाड लागलं. पहिल्या दिवशी मी पाण्याची नळी आळ्यात सोडली आणि फोन आला म्हणून आत गेले. परत येते तो अर्धा तास झालेला. अंगणात तळं झालं असेल, या भीतीने धावले. आळं कोरडंठाक. पाणी नळीतून पडत होतं आणि पडल्या जागी नाहीसं होत होतं. मी वाकून बघितलं तेव्हा खालून आवाज आला. तहानलेल्या माणसाने मोठा घोट घ्यावा तसा. एकदाच. मी नळी बंद केली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले, पण पुन्हा काही ऐकू आलं नाही.

"वाळू पाणी पितेच," नवरा म्हणाला.

खिरणीने मात्र तक्रार केली नाही. पहिला हिवाळा, पहिला उन्हाळा, एकही फांदी सुकली नाही. मे महिन्यात सगळं झाशी करपून जातं, लू सुटली की दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. तेव्हाही खिडकीत ते गडद हिरवं असायचं. सासऱ्यांची तब्येत त्या वर्षात सुधारली असं मी म्हणेन. शब्द वाढले. थंडीत दुपारी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून झाडाजवळ नेऊन ठेवायचो. खुर्ची खोडाला टेकवायचो, कारण भिंतीपेक्षा तिथं ऊन जास्त वेळ राहायचं. दोन-दोन तास ते तिथं बसायचे.

त्या काळात काकू दर दोन-चार दिवसांनी दाराशी यायच्या आणि एकच विचारायच्या. "पाणी फार घालत नाहीस ना गं?" सुरुवातीला मी नीट उत्तर द्यायचे. मग कंटाळा आला. जागा विकली तरी मन निघालं नाही बाईंचं, असं मी नवऱ्याला म्हणायचे. एकदा सासरे खुर्चीत बसलेले असताना त्या आत आल्या आणि अंमळ चढ्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांना ओसरीवर बसवा. झाडाखाली विंचूकाट्याचं भय असतं." खुर्ची ओढायलाही लागल्या. सासरे चिडले. मी काकूंना जरा तोडून बोलले. त्यानंतर महिनाभर त्या आल्या नाहीत.

झाडाचं आळं सारखं खचायचं. आम्ही म्हणायचो, पाण्याने माती बसते. नवरा सुट्टीच्या दिवशी दोन टोपल्या माती आणून टाकायचा, पुन्हा सपाट करायचा. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात सासरे एक शब्द बोलायला लागले, आणि तो आम्हाला कळेना. "तिसरा."

"तिसरा काय, बाबा?"

"गज." खिडकीकडे बोट.

खिडकीला आडवे गज आहेत, सहा. मला वाटलं, गज सैल झालाय. नवऱ्याने हलवून बघितला, घट्ट होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एकदा म्हणाले, "चौथा होता. आता तिसरा." आणि नंतर, फार कष्टाने, एकेक शब्द जुळवून, "झाड... बुटकं... होतंय."

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दुसरा लहान झटका कळतही नाही, माणूस भलतंच बोलायला लागतो. आम्ही त्यांना दाखवून आणलं. गोळ्या बदलल्या. गोळ्यांनी ते दिवसभर झोपायला लागले आणि जागे झाले की खिडकीकडे बघून म्हणायचे, "दुसरा." आता त्यांच्या आवाजात भीती होती. खाट हलवा, असं डाव्या हाताने खुणावायचे. आम्ही त्यांच्या कपाळावरून हात फिरवायचो. भल्या माणसाला आपण वेड्यात काढतोय, असं तेव्हा एकदाही वाटलं नाही.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी उघडलं. मला सुट्टी होती, कॉलेज बंद म्हणून लेकही घरी होती आणि सासऱ्यांना भरवत होती. मी स्वयंपाकघरात. तिने मला हाक मारली, ती अगदी हळू आवाजात.

"आई, इकडे ये. यहाँ लेट. आजोबांच्या उशीवर डोकं ठेव."

ती काय सांगते ते मला कळेना. तिने मला खाटेच्या कडेला वाकवलं. "आता बघ. शेंडा कुठल्या गजाशी आहे?"

शेंडा खालून दुसऱ्या गजाशी होता.

तिने फोन पुढे केला. झाड लावलं त्या दिवशीचा फोटो. खिरणीचा शेंडा मागच्या भिंतीच्या वर वीतभर निघालेला. मी खिडकीतून बघितलं. शेंडा भिंतीच्या खाली होता. दोन पावसाळे बघितलेलं, नवी पानं फुटलेलं झाड लावलं त्याहून ठेंगणं झालं होतं.

"मैंने भी आज ही देखा," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आजोबा दीड महिना सांगतायत."

मी अंगणात गेले. थांबायला हवं होतं हे आता कळतं. तेव्हा फक्त जवळून बघायचं होतं. झाड सरळ उभं होतं, कुठे कललेलं नाही, पान टवटवीत. पण पहिली फांदी, जी लावताना माझ्या कमरेशी होती, ती आता गुडघ्याशी होती. खोडाचा खालचा भाग जमिनीत गेला होता आणि वर आम्ही टोपल्या टोपल्या माती लोटली होती. मी आणखी एक पाऊल टाकलं. पायाखालची जमीन ओल्या गादीसारखी लागली.

"मागे ये."

मधल्या दारात काकू उभ्या होत्या. मी वळून बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती.

"बोलू नकोस. आल्या पावली मागे ये. भिंतीच्या कडेने ये."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी विचारलं नाही. मागे सरकले. चार पावलं, पाच. मी ओसरीच्या पायरीला टेकले तेव्हा खिरणी उतरायला लागली. पडली नाही, कलली नाही. उभीच्या उभी खाली जायला लागली. आधी गुडघ्याशी असलेली फांदी जमिनीला टेकली, तिची पानं वर वळली, मग ती आत गेली. झाड जरा थांबलं, मला वाटतं दोन श्वास घेण्याइतकं. मग एक जाड, ओला आवाज झाला आणि अंगणाच्या मध्यावर गोल भोक होतं. कडेने वाळू आत सांडत होती. खालून गार वाऱ्याचा झोत आला, शेवाळ्याचा वास घेऊन.

आत खिडकीशी सासऱ्यांचा आवाज आला. शांत. "गेलं," ते म्हणाले.

वाळू सांडायची थांबली तेव्हा भोकाचा काठ दिसला. घडीव दगडांचा गोल. विहीर होती.

काकू ओसरीवर येऊन बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. नवरा वर्कशॉपमधून येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या घरात विहिरीला आड म्हणत. हा घरचा आड. काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून पाणी याचंच. मग नळ आले, आडाचं पाणी खाली गेलं. जागा विकायला काढली तेव्हा जो येई तो आडात डोकावून परत जाई. कुणाला वास्तूचं, कुणाला लेकराबाळांचं भय. शेवटी मुलगा सुट्टी काढून आला. त्याने आडात घरातली अडगळ टाकली, मोडक्या खाटा, झाडांच्या फांद्या, गाद्या. वरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने बेतवा नदीची वाळू. चार दिवसांत जमीन सपाट. आईला म्हणाला, आता कुणाला सांगायचं नाही.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"नाही सांगितलं."

"बाबांची खुर्ची आम्ही तिथं ठेवत होतो, काकू."

"मी रोज बघत होते," त्या म्हणाल्या. "रोज बघत होते गं. मला वाटायचं, आज सांगते. मग वाटायचं, इतके दिवस काही झालं नाही."

नवरा आला. भोकाशी गेला नाही, लांबूनच बघितलं. मग आत जाऊन वडिलांच्या खाटेशी खाली बसला आणि त्यांच्या निर्जीव हातावर कपाळ टेकवलं. काकूंशी तो तेव्हा बोलला नाही. अजूनही नीटसं बोलत नाही.

आड पुन्हा बुजवायला हिवाळा उजाडला. या वेळी तळातली कुजकी अडगळ उपसून, खालपासून मोठे दगड, मग मुरूम, मग लाल माती, एकेक थर चोपून. खिरणी मोडून तुकड्या-तुकड्यांत वर आली. मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला उभी भेग पडली होती, म्हणून सासऱ्यांची खाट पुढच्या खोलीत आली. पुढच्या दाराशी खऱ्या राकड जमिनीत, पहारीने खणून, लेकीने स्वतः निवडून करंजाचं रोप लावलं. करंजाची पानं चैत्रात थोडे दिवस विरळ होतात, हे तिने आजोबांना आधीच सांगून टाकलं. त्यांनी "चालेल" म्हटलं.

काकूंशी मी बोलणं सोडलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बस. एक सांगायचंय. या वेळी सांगूनच टाकते." आणि बोटांवर मोजायला लागल्या. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा या गल्लीत एकूण चार आड होते. आपला एक. दुसरा शिंप्याच्या दुकानामागे. तिसरा चौकात, जिथं आता रस्ता आहे. चौथा आपल्याला लागून, जिथं दुमजली घर उभं आहे.

"ते कशाने बुजवले?"

"ते मी बघितलं नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी गेलो. काठी टेकत त्या पुढे, मी मागे. शिंप्याने ऐकून घेतलं आणि मागची शिलाई मशीन त्याच दिवशी पुढे आणून ठेवली. रस्त्याबद्दल मी अर्ज दिला, पोच घेतली. दुमजली घरातल्या बाईंनी आम्हाला बसवलं, चहा दिला, आमच्या अंगणाची हकिगत त्यांना माहीतच होती. काकू बोलत होत्या तोवर त्या स्वयंपाकघराच्या फरशीकडे बघत होत्या. मग उठून त्यांनी बाहेरचं दार लावून घेतलं.

"भाभी जी," त्या मला म्हणाल्या, "ये बात अब किसी से मत कहिएगा. हम मकान बेच रहे हैं."

घर बघायला पहिलं जोडपं आलं, तेव्हा मी दाराशी होते. त्यातली मुलगी गरोदर होती. तिने विचारलं, "आंटी, मोहल्ला कैसा है?" मी जे होतं ते सांगितलं. ते परत आले नाहीत. त्या दिवसापासून दुमजली घरातली बाई मला बघून तोंड फिरवते.

गेल्या महिन्यात मी चार दिवस भुसावळला गेले होते. परत आले तर दुमजली घरासमोर नव्या मालकांच्या सामानाचा ट्रक. वरच्या मजल्यावर पाण्याची नवी, मोठी टाकी चढवत होते, दोरांनी ओढून, सगळे मिळून एका सुरात हाळी देत. मी सामान खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्या दाराशी जाऊन कडी वाजवली.